दसऱ्याची गाडी आणि ३० सप्टेंबरची मुदत

(हे पत्र आणि उत्तर सप्टेंबर २०२५ चं आहे. त्यातलं इलेक्ट्रिक गाडीचं टॅक्स क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं, आणि दर, किमती, फियाही तेव्हाच्याच आहेत.)

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, भाड्याचं टाउनहाउस आहे. मी आणि बायको दोघंही आयटीत, मुलगी दुसरीत. आमच्या २०११ च्या कोरोलाचं ट्रान्समिशन गेलंय, मेकॅनिक साडेतीन हजार सांगतोय आणि गाडीची तेवढी किंमतच राहिलेली नाही. त्यात इलेक्ट्रिक गाडीवरचं साडेसात हजार डॉलरचं टॅक्स क्रेडिट (म्हणजे टॅक्समधून मिळणारी सूट) ३० सप्टेंबरला संपतंय, डीलर रोज फोन करतोय की आज सही करा नाहीतर गेलं. आई सध्या पुण्याहून आलीय, ती म्हणते पितृपक्षात गाडी घ्यायची नाही म्हणजे नाही, दसऱ्याला घ्या. पण दसरा २ ऑक्टोबरला! मला विकत घेऊन दहा वर्षं वापरायची आहे, लीज म्हणजे भाड्याचे पैसे पाण्यात असं मला वाटतं. बायको म्हणते लीजच कर, कारण आपला आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झाला असला तरी ग्रीन कार्डाचा पत्ता नाही आणि दोन-तीन वर्षांत पुण्याला परत जायचा विचार अधूनमधून निघतोच. दोघांचं मिळून गेल्या वर्षीचं उत्पन्न दोन लाख पासष्ट हजार होतं, यंदा कंपनीच्या शेअर्समुळे तीन लाखांच्या वर जाईल. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस, जाऊन-येऊन ३६ मैल. गॅरेज आहे, त्यात साधा प्लग आहे. घेऊ, लीज करू की थांबू?

— एडिसनचा एक वाचक

उत्तर

दादा, आधी घरातली कुरबूर मिटवूया, कारण तुमच्या आईंचं म्हणणं आणि आयआरएसचा, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचा नियम यात तुम्हाला वाटतंय तेवढं भांडण नाहीये.

२०२५ च्या ४ जुलैला जो नवा कायदा सही झाला त्यात असं आहे की ३० सप्टेंबर २०२५ नंतर गाडी "अक्वायर" केली तर क्रेडिट नाही. अक्वायर म्हणजे काय हे आयआरएसने ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं: ३० तारखेपर्यंत बांधील असा लेखी करार झालेला पाहिजे आणि काहीतरी पैसे भरलेले पाहिजेत, अगदी थोडं डाउन पेमेंट किंवा जुनी गाडी ट्रेड-इनमध्ये दिलेली सुद्धा चालते. गाडी ताब्यात नंतर आली तरी चालतं, फक्त क्रेडिट ताब्यात आल्यावर मिळतं. आता कॅलेंडर बघा. सर्वपित्री अमावास्या रविवारी २१ तारखेला, घटस्थापना सोमवारी २२ ला. म्हणजे पितृपक्ष संपल्यावर मंगळवार ३० पर्यंत तुमच्या हातात नवरात्रातले नऊ दिवस आहेत. करार आणि पैसे त्यात करा आणि गाडी गुरुवारी दसऱ्याला घरी आणा, क्रेडिट जात नाही. फक्त ऑनलाइन रिफंडेबल बुकिंगचे शंभर-दोनशे डॉलर भरले म्हणजे करार झाला असं समजू नका, ते बांधील नसतं. आणि डीलरकडून लेखी घ्या की गाडी २ तारखेला देताना तो आयआरएसच्या पोर्टलवर विक्रीचा रिपोर्ट टाकणार आहे, त्याची कॉपी तुम्हाला मिळाली पाहिजे, कारण तो रिपोर्ट नसेल तर पुढच्या वर्षी टॅक्स भरताना तुमच्या हातात काहीच नसेल.

पण हे सगळं विकत घेतली तर. लीजमध्ये ही सोय धरून चालू नका. लीजमध्ये कायद्याच्या दृष्टीने गाडी तुम्ही घेतच नाही, लीज कंपनी घेते आणि क्रेडिट तिचं असतं, ती ते तुमच्या हप्त्यात वळवते किंवा नाही वळवत. त्यामुळे लीज करायची तर कागद आणि गाडी दोन्ही ३० च्या आत. आईंना सांगा की गाडी नवरात्रात आणू आणि पूजा दसऱ्याला करू, वाहनाची पूजा तर आपल्याकडे दसऱ्याचीच असते, मग घरी करा नाहीतर ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात न्या. मला नाही वाटत त्या याला नाही म्हणतील.

आता डीलरची घाई. तारीख खरी आहे, तो खोटं बोलत नाहीये. पण तुमची गरज क्रेडिट ही नाही, गरज गाडी ही आहे, आणि ही इलेक्ट्रिक गाडी तुमच्या घरी नीट चार्ज होईल का यावर सगळं अवलंबून आहे. साडेसात हजारांच्या नादात लोक हेच सगळ्यात शेवटी बघतायत म्हणून मला काळजी वाटते.

हिशोब साधा आहे. तुमचं महिन्याचं रनिंग साधारण ९०० मैल धरते. त्याला घरी चार्ज करताना होणारी गळती धरून ३०० युनिटच्या आसपास वीज लागेल. न्यू जर्सीत २०२५ च्या जूनपासून विजेचे दर चांगलेच वाढलेत, तरी घरच्या दराने महिन्याला ७० डॉलरच्या आसपास होतील. गॅलनला ३० मैल देणाऱ्या गाडीला एवढ्याच अंतराला ३० गॅलन गॅस (पेट्रोल), म्हणजे सध्याच्या भावाने ९०-९५ डॉलर. आणि घरी सोय नाही म्हणून सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर केलं, जिथे युनिटला ५०-५५ सेंट सहज लागतात, तर दीडशे. म्हणजे घरी प्लग नसेल तर इलेक्ट्रिक गाडी गॅसपेक्षा महाग पडते, वर मॉलच्या पार्किंगमध्ये अर्धा-पाऊण तास बसायचं ते वेगळंच, जानेवारीच्या थंडीत, मुलगी मागे कंटाळलेली.

तुमच्याकडे गॅरेजमध्ये साधा प्लग आहे ही मात्र फार चांगली बातमी आहे, आणि डीलर तुम्हाला सांगेल की लेव्हल टू म्हणजे २४० व्होल्टचा चार्जर बसवल्याशिवाय चालतच नाही, त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर गाडी १२ अँपियर ओढते, म्हणजे तासाला साधारण १.४ युनिट. रात्री नऊला लावली, सकाळी सातला काढली की गळती वजा जाता ३५ ते ४० मैल भरलेले असतात. तुमचं जाऊन-येऊन ३६, तेही आठवड्यातून तीनच दिवस, बाकीच्या रात्री भर पडतच राहते. तुम्हाला भाड्याच्या घरात दीड-दोन हजार डॉलर खर्चून २४० व्होल्टची लाइन ओढायची गरजच नाही. थंडीत गाडीची रेंज पाव भागाने तरी कमी होते आणि चार्जिंगही हळू होतं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या शनिवारी फास्ट चार्जरवर जावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

पण तो प्लग या शनिवारीच बघा. गॅरेजमध्ये जादाचा फ्रीज किंवा फ्रीझर त्याच सर्किटवर असेल (बऱ्याच घरी असतो, भाज्या आणि पोळ्यांच्या पाकिटांनी भरलेला) तर रात्री ब्रेकर उडेल आणि सकाळी गाडी पण रिकामी आणि फ्रीझर पण वितळलेला. पॅनलमध्ये तो ब्रेकर बंद करा आणि घरात काय काय बंद पडतंय ते फिरून बघा, त्यावरून कळतं त्या सर्किटवर काय काय आहे. प्लगमध्ये पिन सैल बसत असेल तर आउटलेट इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, तासन् तास १२ अँपियर ओढायला जुना सैल आउटलेट चालत नाही, तो तापतो. गाडी आल्यावर पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच काढा. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. आणि घरमालकाला ईमेल करून परवानगी घ्या, तोंडी नको. न्यू जर्सीत स्वतःचं घर असलेल्यांना चार्जर बसवताना असोसिएशन (आपल्याकडच्या सोसायटीसारखी) उगाच अडवू शकत नाही असा २०२० चा कायदा आहे, पण भाडेकरूला त्याचा थेट आधार नाही, तुमचा सगळा व्यवहार घरमालकाच्या होकारावर आहे.

घरमालक नाही म्हणाला तर? तर साडेसात हजार सोडून द्या आणि साधी हायब्रिड घ्या. कोरोलाचीच हायब्रिड गॅलनला ५० मैलांच्या आसपास देते, तुमचा महिन्याचा गॅस साठ डॉलरच्या आत येईल आणि कुणाच्या परवानगीची भानगड नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांनी टेस्ला घेतली आणि आपलं क्रेडिट हुकलं म्हणून हळहळू नका, त्यांच्या घरी चार्जर आहेत.

समजा घरमालक हो म्हणाला. मग खरेदी की लीज.

खरेदीत तुम्ही बसता, पण अगदी कडेला बसता. नवीन गाडीसाठी जोडीने टॅक्स भरणाऱ्यांना उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे, आणि गाडी घेतलेलं वर्ष किंवा त्याच्या आधीचं वर्ष, यातलं कुठलंही एक चालतं. तुमचं यंदाचं वर गेलं तरी २०२४ चं दोन पासष्ट आहे, त्यावर तुम्ही पात्र आहात. डीलरने किमतीतून साडेसात हजार वजा केले तरी एप्रिलमध्ये फॉर्म ८९३६ भरावाच लागतो, तो विसरू नका, सीएला आधीच सांगून ठेवा. गाडीची कंपनीची छापील किंमत एसयूव्हीला ८० हजार आणि सेडानला ५५ हजाराच्या आत पाहिजे आणि ती उत्तर अमेरिकेत बनलेली पाहिजे. शेव्हरलेची इक्विनॉक्स ईव्ही मेक्सिकोत बनते आणि ३५ हजारांच्या आसपास सुरू होते, एका चार्जला ३१९ मैलांची अधिकृत रेंज आहे, तुमच्या कामाला भरपूर. आणखी एक, जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर चार हजारांचं क्रेडिट आहे असं कुणी सांगेल, ते तुमच्यासाठी नाही, तिथे जोडीची मर्यादा दीड लाखच आहे.

लीजला उत्पन्नाची अटच नाही, आणि गाडी कोरियात बनली का जपानमध्ये याचाही संबंध नाही, म्हणून तर गेली दोन-तीन वर्षं एवढ्या लोकांनी इलेक्ट्रिक गाड्या लीज केल्या.

आता तुमचं "लीज म्हणजे पैसे पाण्यात". मी हे मत मोडून काढणार आहे, कारण एरवी ते बरोबर असलं तरी तुमच्या परिस्थितीत ते बसत नाही. दहा वर्षं गाडी वापरायची ही उत्तम गोष्ट आहे, पण त्यासाठी दहा वर्षं इथे राहायची खात्री पाहिजे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की दोन-तीन वर्षांत परत जायचा विचार निघतो. आणि इलेक्ट्रिक गाड्यांची किंमत पहिल्या तीन वर्षांत गॅसच्या गाड्यांपेक्षा जोरात पडते, कारण दर वर्षी जास्त रेंजची आणि वेगळ्या चार्जिंग पोर्टची नवी गाडी येते, आत्ताच बघा ना, सगळ्या कंपन्या हळूहळू टेस्लाच्या पोर्टवर चालल्यात. तुम्ही ४२ हजारांची गाडी घेतली आणि तीन वर्षांनी पुण्याचं तिकीट काढलं तर विकताना जी किंमत येईल ती तुम्हाला रडवेल. लीजमध्ये तो धोका लीज कंपनीच्या डोक्यावर, तुम्ही किल्ली परत द्यायची आणि निघायचं. वहिनींचं म्हणणं मला पटतं.

फक्त एक अट आहे आणि ती वहिनींनाही वाचून दाखवा. लीज मध्येच मोडणं फार महाग पडतं, उरलेले बहुतेक हप्ते भरावे लागतात, नोकरी गेली किंवा व्हिसाचं काही झालं म्हणून कुणी माफ करत नाही. म्हणून ३६ महिन्यांऐवजी २४ महिन्यांची लीज थोड्या जास्त हप्त्यात मिळत असेल तर ती घ्या, आणि सही करायच्या आधी विचारा की लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का, काही कंपन्या करू देतात, काही नाही, आणि तुम्हाला करू देणारीच हवी.

लीजचा हप्ता कसा निघतो ते एकदा समजून घेतलं की डीलरला तुम्हाला फिरवता येणार नाही. समजा गाडी ४५ हजारांची, डीलर दोन हजार सोडतोय, तीन वर्षांनंतरची किंमत म्हणजे रेसिड्युअल ५५ टक्के, २४,७५०. साडेसात हजार वजा झाले तर हिशोबाची किंमत ३५,५००. दोन्हींतला फरक १०,७५०, भागिले ३६, साधारण ३००. त्यावर व्याज, त्याला मनी फॅक्टर म्हणतात, तो ०.००२० असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज गुणिले तो, साधारण १२०. झाले महिन्याला ४२० आणि वर टॅक्स. मनी फॅक्टरला २४०० ने गुणलं की नेहमीचा व्याजदर कळतो, इथे ४.८ टक्के. आणि तेच साडेसात हजार कंपनीने स्वतःकडे ठेवले तर हप्ता ६४० च्या घरात जातो. म्हणजे एक ओळ कागदावर आहे की नाही, यावर महिन्याला सव्वादोनशे डॉलर. ती ओळ लीज कॅश किंवा रिबेट अशा नावाने किंमत कमी करणाऱ्या रकान्यात दिसली पाहिजे. "हप्त्यात धरलंय साहेब" असं कुणी म्हणालं तर तो आकडा दाखवायला सांगा, नाही दाखवला तर उठा.

लीजला मोठं डाउन पेमेंट करू नका, गाडी पहिल्याच महिन्यात ठोकली गेली तर इन्शुरन्सचे पैसे लीज कंपनीला जातात आणि तुमचे चार-पाच हजार बुडतात. तुमचं रनिंग वर्षाला ११ हजाराच्या आसपास जाईल, तेव्हा १० हजार मैलांची स्वस्त दिसणारी लीज नको, १२ हजारांची घ्या, वरच्या प्रत्येक मैलाला २०-२५ सेंट लागतात आणि तुम्ही बॉस्टन-नायगारा कराल हे मला माहितीय, आईवडील आले की सगळेच करतात. दारावरचं कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन, असं जे डीलर वरून गळ्यात मारतो ते सगळं नको म्हणा.

न्यू जर्सीत अजून दोन खर्च आहेत जे जाहिरातीत दिसत नाहीत. पूर्वी इलेक्ट्रिक गाडीला सेल्स टॅक्स नव्हता, २०२५ च्या १ जुलैपासून पूर्ण ६.६२५ टक्के लागतो, ४५ हजारांवर तीन हजारांच्या आसपास. आणि गॅस टॅक्स बुडतो म्हणून इलेक्ट्रिक गाडीवर वर्षाला वेगळी फी आहे, २०२५ मध्ये २६० डॉलर, दर वर्षी दहाने वाढते, आणि नवीन गाडीला चार वर्षांची एकदम घेतात, म्हणजे ११०० डॉलर. लीजमध्ये ती कोण भरणार ते विचारा. याच्या उलट राज्याची चार्ज अप न्यू जर्सी योजना आहे, तिची सूट खरेदी आणि लीज दोन्हीला डीलरच वजा करतो, पण फंड संपला की बंद होते, तेव्हा आज चालू आहे का ते बघून घ्या. आणि इन्शुरन्सचा कोट आधी घ्या! ज्या मॉडेलवर मन बसलंय त्याचं नाव सांगून, सही करायच्या आधी. इलेक्ट्रिक गाडीला प्रीमियम चांगलाच जास्त येऊ शकतो आणि वाचवलेले पैसे तिकडे जातात.

थांबलं तर काय होईल हे पण तुम्ही विचारलंय. क्रेडिट गेलं की सगळे साडेसात हजार तुमच्याच खिशातून जातील असं नसतं. २०१९ च्या जानेवारीत टेस्लाचं क्रेडिट निम्म्यावर आलं तेव्हा कंपनीने लगेच किंमत दोन हजारांनी उतरवली होती. जर्मनीत डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने अनुदान अचानक बंद केलं तेव्हा काही कंपन्यांनी काही काळ ते स्वतःच्या खिशातून दिलं. इथेही गाड्या पडून राहिल्या तर सवलती येतील असं मला वाटतं, पण पूर्ण रक्कम कुणी भरून देईल असं वाटत नाही. तुमची गाडी बंद पडलीय म्हणून तुम्हाला थांबायला सांगत नाही. ज्यांची जुनी गाडी व्यवस्थित चालतेय त्यांनी मात्र थांबावं.

तर या आठवड्यात घरमालकाला ईमेल, प्लगची तपासणी आणि इन्शुरन्सचा कोट, ही तीन कामं पितृपक्षातही करायला आईंची हरकत नसेल. शेवटच्या शनिवार-रविवारी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसणार, म्हणून तिथे बसून घासाघीस करू नका, २२ च्या आधीच तीन-चार डीलरना एकच ईमेल पाठवा: अमुक मॉडेल, २४ आणि ३६ महिने, वर्षाला १२ हजार मैल, डाउन पेमेंट शून्य, गाडीची किंमत, रेसिड्युअल, मनी फॅक्टर, क्रेडिटची वजावट आणि सगळ्या फिया वेगवेगळ्या लिहून पाठवा, आणि गाडी सध्या लॉटवर, म्हणजे त्यांच्या आवारात उभी आहे का तेही सांगा. जो फक्त महिन्याचा हप्ता सांगून "या, बसून बोलू" म्हणेल त्याला उत्तर देऊ नका. घटस्थापनेनंतर मंगळवार-बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जा, वहिनींना बरोबर न्या, आणि सहीच्या आधी ती क्रेडिटची ओळ दोघांनी वाचा.